दुसऱ्या हॉलमधलं नेट

“सर, दुसऱ्या हॉलात नेट नाही येऊ राहिलं.”

शिपाई मामा दारातूनच सांगून गेले तेव्हा सव्वाअकरा झाले होते. साल २०१४. हिंगोली जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेचं काम तेव्हा माझ्याकडे होतं. शिष्यवृत्तीच्या ऑनलाइन अर्जांचे शेवटचे तीन दिवस उरले होते. पहिल्या हॉलमध्ये वीस मशीन, दुसऱ्यात अठरा. एकेका मशीनपुढे दोघं-तिघं बसलेली, मागे रांग, आणि प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, पासबुकाची झेरॉक्स. बरीचशी मुलं सेनगाव, कळमनुरीकडच्या खेड्यांतून एसटीनं आलेली. परतीची गाडी चुकली की मुक्कामाचा प्रश्न.

पहिला हॉल सकाळी नऊलाच उघडला होता आणि तिथं सगळं नीट चाललं होतं. गर्दी वाढली म्हणून अकराला दुसरा उघडला. तिथं अठरापैकी अकरा मशीनवर एकही पान उघडेना. खालच्या कोपऱ्यातलं नेटवर्कचं चिन्ह मात्र जोडणी आहे असंच दाखवत होतं.

एक हॉल चालू, दुसरा बंद, म्हणजे दुसऱ्या हॉलच्या स्विचमध्येच बिघाड, असा मी सरळ हिशेब केला. मामांनी स्टूल धरलं, मी भिंतीवरच्या पेटीतून स्विच उतरवला, कपाटातला जुना काढून लावला, अठरा वायरी एकेक करून परत बसवल्या. अर्धा तास गेला. स्विचवरचे दिवे छान लुकलुकायला लागले आणि नेट मात्र आलं नाही. मग वायरींच्या टोकांवर संशय. तीन-चार वायरींची टोकं कापून नवी बसवली. मग राऊटर बंद करून चालू केला. त्यानं पहिल्या हॉलमधली चालू कामंही मध्येच तुटली आणि तिथलीही दोन मशीन बंद पडली. तेव्हा मला खरोखर घाम फुटला.

पहिल्या हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत एक मुलगी आईला घेऊन बसली होती. फॉर्मची तीन पानं भरून झालेली, चौथ्यावर दाखले चढवायचे राहिलेले. पान गोल-गोल फिरत होतं. ती दर पाच मिनिटांनी मान वळवून माझ्याकडे बघायची, बोलायची काहीच नाही. साडेतीनला आईनं पिशवी उचलली. शेवटची गाडी होती. जाताना मुलीनं विचारलं, “सर, उद्या होईल ना?” मी हो म्हणालो. का होत नाही हे मला त्या घडीला माहीत नव्हतं, तरी हो म्हणालो.

ती गेली आणि तिच्याच खुर्चीवर मी बसलो. मशीनला मिळालेल्या आयपी पत्त्याचा सगळा तपशील काढून पाहिला. ते खरं तर सव्वाअकरालाच करायला हवं होतं. पत्ता होता १९२.१६८.१ च्या घरातलाच, त्यात काही वावगं नाही. पण गेटवेच्या रकान्यात शेवटचा आकडा होता २५४. आमच्या कॉलेजच्या राऊटरचा आकडा १. आमच्याकडे २५४ नंबरचं काहीच नाही.

२५४ हा आकडा मात्र मी आदल्या रात्री स्वतःच्या हातानं लिहिला होता.

*

झालं होतं असं. सेनगाव तालुक्यातल्या एका शाळेसाठी मी छोटा सर्व्हर तयार करून देत होतो. शाळेत दहा जुनी मशीन, त्यांना पत्ते वाटणं, धड्यांची पानं दाखवणं, प्रिंटर वाटून देणं एवढंच काम. शाळेत नेट जवळजवळ नव्हतंच, त्यामुळे तिथं बसून काही उतरवून घ्यायची सोय नाही. म्हणून कॉलेजच्या सर्व्हरवर, ‘शाळा’ नावाच्या एका फोल्डरात, डेबूटस्ट्रॅप वापरून मी दुसरी पूर्ण डेबियन उभी केली होती. तेव्हा डेबियनची ‘व्हीझी’ ही आवृत्ती चालू होती, मे २०१३ मध्ये आलेली. सीएच-रूट या आज्ञेनं त्या फोल्डरात शिरायचं, आत हवं ते बसवायचं, आणि तयार झालं की सगळं फोल्डर हार्ड डिस्कवर उतरवून शाळेत नेऊन लावायचं.

सीएच-रूट म्हणजे ‘मूळ बदल’. ही सोय फार जुनी, १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समधली. ती करते एवढंच की आत चालणाऱ्या प्रोग्रॅमला ते फोल्डर म्हणजेच सगळी डिस्क वाटते. त्याच्या वर, त्याच्या बाहेर काही आहे हे त्याला दिसत नाही. आत गेलं की खरोखर दुसऱ्याच मशीनवर बसल्यासारखं वाटतं. फाइली वेगळ्या, वापरकर्ते वेगळे, पासवर्ड वेगळे.

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास, पहिला हॉल सुरळीत चाललाय असं पाहून मी आत शिरलो. रात्री घरी लिहिलेली शाळेची सेटिंगची फाइल पेन ड्राइव्हवरून तिच्या जागी ठेवली: पत्ते ५० पासून १५० पर्यंत, गेटवे २५४. मग डीएनएसमास्क बसवायची आज्ञा दिली. पत्ते वाटण्याचं आणि वेबसाइटची नावं शोधून देण्याचं काम करणारा हा छोटा, गुणी प्रोग्रॅम. टर्मिनलवर ओळी भराभर वर सरकल्या. त्यांतली शेवटची ओळ सांगत होती की सर्व्हिस सुरू करतोय, आणि तिच्या आधी हिरव्या अक्षरांत ‘ओके’. ती ओळ मी पाहिली. वाचली सुद्धा. पण ‘ती शाळेच्या आत सुरू झाली’ असं मनात धरलं आणि चहाला गेलो.

शाळेच्या आत असं काही नसतंच. हे मला त्या दिवशी संध्याकाळी चार वाजता कळलं.

*

सर्व्हरवर चालू असलेल्या प्रोग्रॅमांची यादी काढली. त्यात डीएनएसमास्क होता. पण मालकाच्या रकान्यात नाव होतं मेलचं काम बघणाऱ्या एक्झिमचं. मेलचा प्रोग्रॅम पत्ते कशाला वाटेल? मशीनला विचारलं, डीएनएसमास्क कुठे आहे? उत्तर आलं, नाही. पॅकेजांच्या नोंदीत पाहिलं. बसवलेलंच नाही. म्हणजे जो प्रोग्रॅम या सर्व्हरवर नाही तो या सर्व्हरवर चालू होता, आणि तोही दुसऱ्याच्या नावावर.

चालू प्रोग्रॅमची कुंडली लिनक्स ‘प्रॉक’ नावाच्या फोल्डरात ठेवतो. प्रत्येक प्रोग्रॅमच्या नंबराचं एक उपफोल्डर, आणि त्यात ‘रूट’ नावाचा एक दुवा, म्हणजे हा प्रोग्रॅम कोणत्या जागेला आपलं मूळ समजतो ते. बाकी सगळ्यांच्या पुढे नुसती एक तिरकी रेघ असते. या एकाच्या पुढे बाण काढून लिहिलं होतं: ‘शाळा’.

मालकाच्या नावाचं कोडंही मग सुटलं. लिनक्स मालकाचा फक्त नंबर लक्षात ठेवतो, नाव नाही. शाळेच्या आतल्या वहीत १०१ नंबर डीएनएसमास्कचा होता. बाहेरच्या वहीत १०१ वर एक्झिमचं नाव होतं. प्रोग्रॅम एक, नंबर एक, वह्या दोन. मी बाहेरची वही उघडून बसलो होतो म्हणून मला चुकीचं नाव दिसलं.

सीएच-रूटनं फाइलींभोवती भिंत घातली होती आणि दुसऱ्या कशाभोवतीही नाही. प्रोग्रॅमांची यादी सगळ्यांची एकच. वेळ एकच. आणि नेटवर्क कार्ड तर एकच. वाड्यातल्या एखाद्या खोलीत भाडेकरू ठेवला, त्याचा चुलीपासून कपाटापर्यंत सगळा संसार वेगळा, पण वाड्याचा दरवाजा आणि पत्ता एकच, तसं. त्यानं दारात उभं राहून कुणाला हाक दिली तर गल्लीला ती वाड्याचीच हाक वाटणार.

आणि पत्ते वाटण्याचं काम तर हाकेवरच चालतं. मशीन सुरू झालं की ते जोरात विचारतं, मला कुणी पत्ता देतं का? ज्याचं उत्तर आधी येईल त्याचं ते धरतं. उत्तर देणारा खरा अधिकारी आहे की कसं, हे विचारायची सोय त्या बोलीत नाही. आमच्या गल्लीत आता दोघं उत्तर देत होते, राऊटर आणि शाळा. आमचा सर्व्हर स्वतः पत्ते वाटत नसल्यानं ती जागा रिकामी होती, म्हणून शाळेच्या डीएनएसमास्कला ती विनातक्रार मिळाली. सर्व्हरवर आधीच एक डीएनएसमास्क असता तर दुसऱ्यानं ‘जागा भरलेली आहे’ म्हणून हाय खाल्ली असती आणि मला लगेच कळलं असतं.

पहिला हॉल नऊला सुरू झाला तेव्हा शाळा गप्प होती. दहाला ती बोलायला लागली. अकराला दुसरा हॉल उघडला. त्यातल्या सात मशीनना राऊटरनं गाठलं, अकरांना शाळेनं. माझ्या डोक्यात ‘दुसरा हॉल’ बसलं होतं, आणि खरा फरक जागेचा नव्हता, वेळेचा होता. राऊटर बंद-चालू केल्यावर पहिल्या हॉलची दोन मशीन का पडली तेही मग सरळ झालं. तेवढ्या मिनिटभरात त्यांनी पत्ता मागितला आणि उत्तर द्यायला शाळा एकटीच जागेवर होती.

डीएनएसमास्क बंद केला. प्रत्येक मशीनवर जाऊन जुना पत्ता सोडायला लावून नवा घ्यायला लावला. वीस मिनिटांत तेराही मशीन चालू झाली. पण तोवर निम्मी मुलं निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी दहाला ती मुलगी परत आली. आई सोबत होती. म्हणजे आईची सलग दुसऱ्या दिवसाची मजुरी बुडाली, आणि दोघींचं जाण्यायेण्याचं भाडंही. अर्ज पंधरा मिनिटांत गेला, पावती मी स्वतः छापून दिली. काल जे झालं ती माझ्या हातची चूक होती, तुमच्या कागदांत काही कमी नव्हतं, हे मी त्या बाईंना स्पष्ट सांगितलं. खेड्यातून आलेल्या माणसाला ऑनलाइन काही अडलं की पहिल्यांदा आपलंच काही चुकलं असं वाटतं, हे मी पुष्कळदा पाहिलंय. त्या म्हणाल्या, “असू द्या सर, झालं ना आता.” मला ते ‘असू द्या’ सोपं गेलं नाही.

*

त्या रात्री मी मुळापासून वाचायला बसलो. डेबियनची रीत अशी की पॅकेज बसलं की त्यातली सर्व्हिस लगेच सुरू करायची. बसवणारा ती वापरण्यासाठीच बसवतोय असं गृहीत धरलेलं. रेड हॅटच्या घराण्यातल्या प्रणालींची रीत उलटी: बसवणं वेगळं, सुरू करणं वेगळं, सुरू तुम्ही सांगाल तेव्हा. मी डेबियनवर वाढलो, तिच्यावरच पोट भरतो, तरी ही एक रीत मला पटत नाही. पण डेबियन करणाऱ्यांना हा धोका ठाऊक होता आणि त्यांनी त्यावर उपायही करून ठेवला होता. मलाच तो माहीत नव्हता.

पॅकेजं सर्व्हिस थेट सुरू करत नाहीत, मध्ये ‘इन्व्होक-आरसी.डी’ नावाचा एक कारभारी असतो. सुरू करण्याआधी तो एका ठरलेल्या जागी ‘पॉलिसी-आरसी.डी’ नावाची फाइल आहे का बघतो. नसेल तर सरळ सुरू. असेल तर ती चालवून तिला विचारतो, करू का? तिनं १०१ हा आकडा परत दिला की अर्थ, धोरणानं मनाई आहे. मग तो सर्व्हिसला हात लावत नाही, तशी एक ओळ छापतो आणि पुढे जातो. पॅकेज मात्र व्यवस्थित बसतं.

ती फाइल दोन ओळींची असते. पहिल्या ओळीत ही शेलनं चालवायची फाइल आहे एवढी खूण, दुसऱ्या ओळीत ‘१०१ देऊन बाहेर पड’. बस. ‘शाळा’ उभी केल्याबरोबर, दुसरं काहीही बसवण्याआधी, या दोन ओळी आत ठेवल्या असत्या तर त्या दिवशी काहीच घडलं नसतं.

एक गोष्ट वाचून मात्र मी थांबलो. डेबूटस्ट्रॅप स्वतः ‘शाळा’ उभी करताना हीच काळजी घेत होता. सर्व्हिस सुरू करणारा खरा प्रोग्रॅम बाजूला सारून तो त्याच्या जागी एक खोटा ठेवतो, जो फक्त ‘मी खोटा आहे, काही करत नाही’ अशी सूचना छापतो. आणि आपलं काम संपलं की खरा परत जागेवर ठेवतो. म्हणजे उभारणीच्या वेळी ती जागा सुरक्षित होती. मी पहिल्यांदा आत पाऊल टाकलं त्याच्या क्षणभर आधी ती सुरक्षा उठलेली होती. ती सूचना मी उभारणीच्या वेळी पाहिली होती, आणि तिच्यावरूनच ‘इथं काही सुरू होत नाही’ असा समज बहुधा मनात बसला असावा.

उपाय कळल्यावरही दोन चुका झाल्या. पहिली लगेच, दुसऱ्याच आठवड्यात. फाइल ठेवली, पण तिला चालवण्याची परवानगी द्यायची राहिली. कारभारी ‘चालवता येणारी’ फाइलच शोधतो. नुसती पडलेली फाइल त्याच्या लेखी नसल्यासारखीच. त्या वेळी वेब सर्व्हर सुरू झाला. नशिबानं हॉल बंद होते. तेव्हापासून फाइल ठेवली की तिची परवानगी तपासतो, आणि मग एखादं बिनमहत्त्वाचं पॅकेज बसवून ‘मनाई’ची ओळ डोळ्यांनी पाहतो. ती दिसल्याशिवाय पुढे जात नाही.

दुसरी चूक शाळेपर्यंत पोचली. सर्व्हर लावून महिना झाला असेल, तिथल्या गुरुजींचा फोन आला. तालुक्याच्या गावाहून कुणीतरी प्रिंटर आणून दिला होता आणि त्याचं पॅकेज मी मुद्दाम नंतर बसवायचं ठेवलं होतं. फोनवर एकेक अक्षर सांगत, पेन ड्राइव्हवरून, ते गुरुजींकडून बसवून घेतलं. काही चूक दाखवली नाही, पण प्रिंटर काही बोलेना. तासभर दोघांनी डोकं घातलं आणि शेवटी मी म्हणालो, शनिवारी येतो. रात्री गावात लाइट गेली. सकाळी गुरुजींचा फोन, “सर, प्रिंटर सुरू झाला की आपोआप!”

आपोआप नव्हता झाला. माझी १०१ वाली फाइल मी काढायला विसरलो होतो आणि ती सर्व्हरसोबत शाळेत गेली होती. मशीन चालू होताना सर्व्हिसा जुन्या पद्धतीनं थेट सुरू होतात, तिथं कारभारी मध्ये नसतो, म्हणून रोजचं काम चाललं होतं. पण चालू मशीनवर नवं काही बसवलं की कारभारी धोरण विचारायचा आणि मनाई ऐकून गप्प बसायचा. लाइट गेली, मशीन नव्यानं उठलं, तेव्हा प्रिंटरची सर्व्हिस पहिल्यांदा चालली. सुरक्षेची दुरुस्ती टाकली असती तरी हेच झालं असतं: नवी आवृत्ती डिस्कवर, आणि जुनीच आवृत्ती चालू, पुन्हा लाइट जाईपर्यंत. शनिवारी गेलोच. ती फाइल काढली, गुरुजींना कारण सांगितलं. ते विज्ञानाचे शिक्षक, त्यांनी दुसऱ्या वाक्याला ओळखलं. “म्हणजे फ्यूज काढून काम केलं आणि परत बसवायचा राहिला.” अगदी तेच.

*

हिंगोलीहून वसमतला मी महिन्यातून दोन-तीनदा जातो. तिथल्या एका हळदीच्या आडतीवर बिलांची मशीन माझ्याकडे आहेत. मार्च-एप्रिलमध्ये रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतांत हळद शिजवण्याचे कुकर लागलेले असतात, गाडीची काच खाली केली की तो ओला, कडवट वाफेचा वास आत येतो. वाटेत औंढा नागनाथ लागतं. याच तालुक्यात लायगो-इंडिया उभी राहायची आहे, गुरुत्वीय लहरी पकडणारी वेधशाळा. २०१६ च्या फेब्रुवारीत तिला केंद्राची तत्त्वतः मंजुरी मिळाली, आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये २६०० कोटींची अंतिम मंजुरी. आडतीवरची मुलं मला विचारतात, सर, तिथं नेमकं काय होणार? मी वाचून जेवढं समजलं तेवढं सांगतो: चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आत निर्वात नळ्या, टोकांना चाळीस किलोचे आरसे. ते आरसे जमिनीच्या थरथरीपासून तोडण्यासाठी एकाखाली एक असे चार टप्पे करून टांगलेले. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या अशाच दोन वेधशाळांनी पहिली लहर पकडली.

हे सांगताना माझ्या मनात मात्र नेहमी दुसरंच काही चालू असतं. ती माणसं आरसा नुसता ‘वेगळा’ करत नाहीत. जमिनीची थरथर, हवेचा धक्का, तापमान, स्वतः टांगणीच्या धाग्याची हालचाल, असं एकेक नाव घेऊन त्याच्यापासून वेगळा करतात आणि प्रत्येकाला वेगळा उपाय योजतात. मी ‘शाळा’ वेगळी आहे म्हणत होतो तेव्हा कशापासून वेगळी हे स्वतःला विचारलंच नव्हतं.

नेटवर्कपासून वेगळं करण्याची सोय सीएच-रूटच्या बऱ्याच नंतर आली. फ्रीबीएसडीनं २००० मध्येच ‘जेल’ आणलं होतं. लिनक्समध्ये २००८ पासून नेटवर्कच्या स्वतंत्र खोल्या करता येऊ लागल्या, आणि त्याच पायावर पुढे २०१३ मध्ये डॉकर उभा राहिला. डॉकरवर मिळणारी डेबियनची अधिकृत प्रतिमा उघडून पाहिली तर तिच्यात ती १०१ वाली फाइल आधीच ठेवलेली आहे. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ओळखीचं माणूस परगावी भेटल्यासारखं वाटलं.

मी हल्ली दोन्ही करतो. लागणारी सगळी पॅकेजं आधी फक्त उतरवून घेतो, बसवत नाही. मग ‘अनशेअर’ आज्ञेनं नेटवर्क काढून घेतलेल्या खोलीत शिरतो आणि तिथं बसवतो. त्या खोलीत बाहेर जाणारं कार्डच नसतं. एखादी सर्व्हिस सुरू झालीच तरी तिची हाक कुणाला ऐकू जात नाही. तरी १०१ ची फाइल ठेवतोच. सर्व्हिस आत जिवंत राहिली तर ती फाइली धरून बसते, जोडलेली डिस्क सुटत नाही, ‘व्यस्त आहे’ म्हणते, आणि अर्धवट लिहिलेल्या फाइलींसकट प्रत घेतली जाण्याची भीती राहते.

एप्रिल २०१५ मध्ये डेबियनची पुढची आवृत्ती आली, तिच्यात सिस्टमडी आला, आणि या दुखण्याचा जोर बराच ओसरला. सिस्टमडीला सीएच-रूटच्या आतून सर्व्हिस सुरू करायला सांगितलं की तो ओळखतो आणि विनंती सोडून देतो. बरेच जण म्हणतात आता त्या फाइलीची गरज नाही. मला ते मान्य नाही. कारण कारभाऱ्याला न विचारता घुसणारी पॅकेजं आहेत. एका बायोमेट्रिक हजेरीच्या सॉफ्टवेअरचं पॅकेज मी असं धरलंय. त्याच्या बसवण्याच्या स्क्रिप्टमध्ये स्वतःचा प्रोग्रॅम थेट चालवून मागे सोडून दिलेला होता. त्यानं ना सिस्टमडीला विचारलं, ना १०१ ला. नेटवर्क नसलेली खोली होती म्हणूनच तो तिथं कोंडला गेला.

तो सापडला तोही एका साध्या सवयीमुळे. आत शिरण्याआधी मी सर्व्हरवर कोणकोणत्या पोर्टवर कोण बसलंय याची यादी काढून फाइलीत ठेवतो. काम झालं की बाहेरची यादी पुन्हा काढतो, आतल्या खोलीचीही काढतो, आणि ताडून पाहतो. एक ओळसुद्धा जास्त निघाली तर तिचा नंबर घेऊन ‘प्रॉक’मध्ये जातो आणि तिचं मूळ कुठे आहे ते बघतो.

गेल्या वर्षीपासून कळमनुरीचा एक मुलगा माझ्याकडे काम शिकतोय. मध्यंतरी त्याला पहिल्यांदा एकट्यानं एका ग्रामपंचायतीचा सर्व्हर उभा करायला दिला. दुपारची वेळ, आणि शेजारच्या हॉलमध्ये नेमके फॉर्मचेच दिवस. मी त्याला हॉल रिकामा होईपर्यंत थांब म्हणालो नाही. त्याच्या मागे खुर्ची टाकून बसलो.

त्यानं यादी काढली. फाइल ठेवली, परवानगी दिली. मग थांबून विचारलं, “सर, एकशे एकच काहून? शंभर किंवा एक काहून नाही?”

“ठरवलेले आकडे आहेत. शून्य दिला तर परवानगी. एकशे एक म्हणजे मनाई.”

“आणि फाइलच नसली तर?”

“तर परवानगीच समजतो तो.”

त्यानं मान हलवली आणि पॅकेज बसवायची आज्ञा दिली. ओळी वर सरकायला लागल्या. मी स्क्रीनकडे बघत होतो, तो माझ्याकडे. मनाईची ओळ आली तेव्हा त्यानं तिच्यावर बोट ठेवलं आणि ती मोठ्यानं वाचली. मग बाहेर येऊन दुसरी यादी काढली, दोन्ही शेजारी-शेजारी लावल्या आणि एकेक ओळ पेन्सिलीच्या टोकानं मोजली. आधी अकरा. नंतर अकरा.

शेजारच्या हॉलमधून मामांनी आवाज दिला, प्रिंटरमधला कागद संपला म्हणून. पावत्या निघत होत्या.